दोन वाजून दहा मिनिटं

“अर्पिता, बाबा कुठे दिसून राहिले, तुझ्या कंप्युटरवर बघ बरं जरा.”

फोनवर कुमुदताईंचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्गाला पान नंबर सांगावा तसा. म्हणून मीही घाई केली नाही. हातातलं बोर्ड बाजूला ठेवलं, सोल्डरिंगचं बटण बंद केलं आणि स्क्रीनवर त्यांचं नाव शोधलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. एप्रिल संपत आला होता आणि नागपुरात सकाळी नऊनंतर कोणी उगाच रस्त्यावर दिसत नव्हतं.

“घरीच दाखवतंय, ताई.”

“किती वाजताचं?”

मी वेळ पाहिली. “दहा वाजून दहा मिनिटांचं.”

“माझ्या फोनवरही तेच दिसून राहिलं. तेव्हा होतेच ते घरी. छबूबाई साडेदहाला कपडे टाकायला गच्चीवर गेली. खाली आली तर दार उघडं. आतापर्यंत तीच शोधत होती बिचारी, मला आत्ता सांगितलं. मी शाळेतून निघून राहिली. तू आत्ताचं सांग ना.”

आत्ताचं मला सांगता येत नव्हतं.

आमची कंपनी नऊ माणसांची. आयटी पार्कमधल्या एका मजल्याचा अर्धा भाग आमच्याकडे होता. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही ‘सोबत’ नावाचं एक यंत्र करायचो. गोल, मारीच्या बिस्किटाएवढं. कुमुदताईंनी ते वडिलांच्या बंडीला आतून खिसा शिवून त्यात ठेवलं होतं. ते कुठे आहे हे मोबाइलच्या टॉवरमार्फत आमच्याकडे यायचं आणि आमच्याकडून घरच्यांच्या फोनवर जायचं. आधीच्या यंत्रातला वायरलेस मॉड्यूल, म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप, दिवसरात्र जागा असायचा आणि दोन दिवसांत बॅटरी संपवायचा. मग नवा आला. आकाराने निम्मा, सिग्नल जाड भिंतीआडूनही पकडणारा. त्याचा खरा गुण म्हणजे तो झोपायचा. ठरल्या वेळी उठायचा, जागा सांगायचा आणि पुन्हा झोपायचा. झोपलेला असताना त्याला कोणीही हाक मारू शकत नाही. टॉवर नाही, आम्ही नाही. आपण पाठवलेला निरोप दाराबाहेर थांबून राहतो.

तो मॉड्यूल मीच निवडला होता. तीन महिने त्याच्या चाचण्या केल्या होत्या. लिफ्टमध्ये, तळघरात, स्टीलच्या कपाटात. सत्तावीस वर्षांची होते मी, आणि तेव्हा भेटेल त्याला त्या चिपबद्दल सांगत सुटायचे.

“ताई, यंत्र झोपलंय,” मी म्हणाले. “दोन वाजून दहा मिनिटांनी उठेल. तेव्हा कळेल.”

“दोन दहाला? तीन तास?”

“हो.”

“उठव ना त्याला.”

“उठवता येत नाही.”

फोनवर रिक्षाचा आवाज येत होता. मग त्यांनी हळूच विचारलं, “रविवारी चार्जिंगला लावायचं राहून गेलं माझ्याकडून. निकालपत्रकं होती. त्याच्यामुळे तर नाही ना?”

मी स्क्रीनकडे बघत होते.

“असू शकतं,” मी म्हणाले. “बॅटरी उतरली की ते जास्त वेळ झोपतं. स्वतःला वाचवायला.”

“म्हणजे माझंच चुकलं.”

“आता ते राहू द्या, ताई. मी येतेय.”

निघण्याआधी मी एक निरोप यंत्राला पाठवून ठेवला: दर पंधरा मिनिटांनी उठ. स्क्रीनवर त्याच्यासमोर ‘प्रतीक्षेत’ असं आलं.

*

कुमुदताईंचं घर हुडकेश्वरच्या बाजूला, एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत. त्या आणि वडील, दोघंच राहायचे. दौलतराव हेडाऊ एकतीस वर्षं सूतगिरणीत होते, शेवटी फिटर म्हणून निवृत्त झाले. गिरणी बंद पडूनही जमाना झाला होता. धाकटा भाऊ, सुरेंद्र, सुरतेला. आई गेल्यावर वडिलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, कारण कुमुदताई होत्याच.

मी पोचले तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या. दिवसभर वडिलांपाशी असणारी छबूबाई पायरीवर बसून रडत होती. “म्या कडी लावली होती ना ताई, म्या लावली होती,” एवढंच ती म्हणत होती.

“तुला कोणी काही म्हणून नाही राहिलं,” कुमुदताई म्हणाल्या. “तू इथंच बस. आले तर मला फोन कर.” मग माझ्याकडे वळून, “ते गिरणीत गेले असतील. मागच्या आठवड्यापासून सारखं चालू होतं, पाळी बदलली, मला जाऊ दे. चल.”

पोलीस ठाण्यात हवालदाराने तक्रार लिहून घेतली, फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला. भला माणूस होता. “उन्हाचं कुठंतरी बसले असतील सावलीला,” म्हणाला. “त्यांच्या अंगावर ते मशीन आहे म्हणता ना? मग काय काळजी?”

कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मवर आमच्या ऑफिसचा नंबर लिहीत राहिले.

माझ्या गाडीवरून आम्ही जुन्या गिरणीच्या जागेवर गेलो. तिथे आता चौदा मजल्यांच्या इमारती होत्या. वॉचमनने रजिस्टर उघडून दाखवलं, जणू दौलतराव सही करून आत गेले असते. नाही, असा कोणी आला नाही. आम्ही आजूबाजूच्या गल्ल्या पाहिल्या, देवळाची ओसरी पाहिली, पाणपोयी पाहिली. ते पूर्वी जिथे पान खायचे त्या टपरीवर आता टपरीवाल्याचा मुलगा बसत होता. त्याने फोटो दोनदा पाहिला. “फिटरकाका ना? नाही ताई. दोन वर्षांत नाही पाहिलं.”

साडेबारा झाले. मग एक. रुमाल ओला करून डोक्यावर घेतला तर दुसऱ्या चौकापर्यंत तो वाळत होता. कुमुदताई गाडीवरून उतरायच्या, विचारायच्या, पुन्हा बसायच्या. तक्रार नाही. फक्त एकदा मागून म्हणाल्या, “त्यांनी पाणी घेतलं नसेल. सांगितल्याशिवाय ते पाणी पीत नाहीत आता.”

दीड वाजता माझी गाडीच बंद पडली. एका रसवंतीच्या ताडपत्रीखाली आम्ही बसलो. मी मेकॅनिकला फोन केला आणि मग दोघी माझ्या फोनकडे बघत बसलो. मधे मधे मी उगाच नकाशाचं पान रिफ्रेश करून पाहत होते.

“तू म्हणाली होतीस ना, नवीन चिप भिंतीआडूनही बोलते?”

“बोलते, ताई.”

“मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, कुमुद, आता तू सुटलीस.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “सुटायचं नव्हतं मला. मला फक्त तेवढा वेळ हवा होता, पेपर तपासायपुरता.”

रसवाल्याने न मागता दोन ग्लास आणून ठेवले. त्यांनी त्यांचा मला दिला.

“ते मला ओळखतात कधी कधी,” त्या म्हणाल्या. “परवा म्हणाले, बाई, तुमच्या घरी कोणी नाही का, इथंच असता दिवसभर? मी म्हटलं, वडील आहेत. तर म्हणाले, मग जा घरी, वाट बघत असतील.”

हे सांगताना त्या किंचित हसल्या. दोन वाजून दोन मिनिटं झाली होती.

दोन वाजून नऊ मिनिटांनी मी पान रिफ्रेश केलं. तेच घर. दहाला तेच घर. मग टिंब नाहीसं झालं आणि दुसरीकडे उमटलं.

मी नकाशा मोठा केला. टिंब गिरणीच्या बाजूला नव्हतंच. हुडकेश्वरच्या पलीकडे, आउटर रिंग रोडच्या अलीकडे, एका नव्या लेआउटच्या मधोमध होतं. कुमुदताईंच्या घरापासून दीड किलोमीटरवर.

*

रिक्षाने जायला पस्तीस मिनिटं लागली. वाटेत ताईंनी छबूबाईला फोन करून पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभं राहायला सांगितलं. रिक्षा घरासमोर क्षणभर थांबली, बाटली घेतली आणि पुढे निघालो. पंचवीसला यंत्र पुन्हा उठलं. टिंब तिथेच. चाळीसला पुन्हा. तिथेच.

“बसले असतील,” ताई म्हणाल्या.

लेआउट म्हणजे नुसते आखलेले प्लॉट होते. सिमेंटचे खांब, मुरमाचे रस्ते, एक पाटी. झाड एकही नाही. मधे कोणीतरी एका प्लॉटला कंबरेएवढी भिंत घालून सोडून दिली होती. तिच्या पूर्वेच्या अंगाला दौलतराव पाय पसरून बसले होते. सकाळी सावली पश्चिमेला असणार. ती सरकत गेली तसे ते भिंतीला धरून या बाजूला आले असावेत. मुरमात तशा खुणा होत्या. मधे बराच वेळ भिंतीला सावलीच नव्हती.

चपला काढून शेजारी नीट लावलेल्या होत्या.

ताई धावल्या नाहीत. चालत गेल्या, खाली बसल्या, बाटलीचं झाकण काढलं. “बाबा, पाणी घ्या,” म्हणाल्या. मग त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पुन्हा म्हणाल्या, “घ्या ना.” मी आणि रिक्षावाला उभे होतो. रिक्षावाल्याने मान खाली घातली, तेव्हा मला कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर मुलीने उन्हाचा झटका असं सांगितलं. माझ्याच वयाची असेल. कुमुदताईंनी विचारलं, “किती वाजता?” ती म्हणाली, नक्की सांगता येत नाही. ताईंनी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, एक ते दोनच्या दरम्यान असावं. त्याआधी सापडते तर कदाचित. मग थांबली, आणि कागदावर काही लिहायला लागली.

यंत्र बंडीतच होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. संध्याकाळी मी ऑफिसात स्क्रीन उघडली तेव्हा टिंबांची रांग होती. दर पंधरा मिनिटांनी एक. भिंत, भिंत, भिंत, दवाखाना, दवाखाना. मी पाठवलेला निरोप त्याने उठल्याबरोबर मानला होता आणि आता ते अगदी वक्तशीर होतं.

*

तिसऱ्या दिवशी मी हेडाऊंच्या घरी गेले. हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसलेली. सुरेंद्र आणि त्याची बायको अल्का सुरतेहून आले होते. कुमुदताई आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

सुरेंद्रने मला विचारलं, “तुम्ही त्या मशीनवाल्या ना?”

“हो.”

“मग सांगा. पूर्ण दिवस मशीन अंगावर असून माणूस सापडत नाही, हे कसं काय?”

मी बोलायच्या आत कुमुदताई म्हणाल्या, “त्यांना कशाला विचारतो? मशीन चांगलंच होतं. मी रविवारी चार्ज नाही केलं. बॅटरी उतरली म्हणून ते झोपलं.”

सुरेंद्र बहिणीकडे बघत राहिला. आवाज चढवला नाही त्याने.

“एक वायर लावायची होती,” तो म्हणाला. “आठवड्यातून एकदा. एवढं नाही झालं तुझ्याच्याने?”

“नाही झालं,” ताई म्हणाल्या.

“खरं आहे का हे?” त्याने मला विचारलं.

आता मला जे माहीत होतं ते सांगते. बॅटरी उतरली की यंत्र जास्त झोपतं, असं काही नसतं. तशी सोयच त्यात नव्हती. त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर बॅटरी एकाहत्तर टक्के दिसत होती. रविवार चुकला त्याने काहीच बिघडलं नव्हतं.

यंत्र मुळात दर पंधरा मिनिटांनी उठायचं. फेब्रुवारीत ताईंचा फोन आला होता, सारखं चार्ज करावं लागतं, काढलं की बाबा चिडतात, काही करता येईल का? मी बसल्या जागी पंधरा मिनिटांचे चार तास केले. अर्धं मिनिटही लागलं नाही. “काही फरक तर नाही ना पडणार?” त्यांनी विचारलं होतं. “नाही, नुसती बॅटरी वाचेल,” मी म्हणाले होते. त्यांनी मला आशीर्वाद दिला होता. चार तास म्हणजे काय, ते मी त्यांना सांगितलंच नाही. मला स्वतःलाही ते सुचलं नाही. माझ्या डोक्यात फक्त बॅटरीचा आलेख होता, आणि तो सुंदर दिसत होता.

फोनवर खोटं बोलले तेव्हा मी ठरवून बोलले नव्हते. त्यांनी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं, एवढंच झालं. संध्याकाळी सांगू, म्हटलं. मग दवाखाना झाला. देवतळे सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन फिरवत राहिले आणि म्हणाले, “ग्राहकाने मागितलं, आपण दिलं. कुठे लिहू नकोस.”

आणि आता पंधरा-वीस माणसांसमोर सुरेंद्र मला विचारत होता.

“हो,” मी म्हणाले. “बॅटरी कमी असली की तसं होतं.”

सुरेंद्र उठून बाहेर गेला. अल्का त्याच्यामागे गेली. कुमुदताईंनी कोणाला तरी माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं, आणि मी ते प्याले.

निघताना त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. दवाखान्यातून परत आलेल्या कपड्यांत ते सापडलं होतं. “रात्रभर लावून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “पूर्ण भरलं आहे आता. दुसऱ्या कोणाला कामी येईल.”

दिवाळीच्या सुमारास आमच्या माहितीपत्रकात एक नवी ओळ आली: ‘एकदा चार्ज, महिनाभर निर्धास्त.’ मी पुढच्या वर्षी नोकरी सोडून पुण्याला गेले.

*

सात वर्षांनी मी कुमुदताईंना शोधून काढलं. हुडकेश्वरचं घर विकलं गेलं होतं. त्या वर्ध्यात दोन खोल्यांत राहत होत्या, शाळा मुदतीआधीच सोडली होती. केस पूर्ण पांढरे. मला ओळखायला त्यांना क्षणभरच लागला.

मी खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं, चार तास, एकाहत्तर टक्के. पाठ केल्यासारखं बोलत होते, कारण बसमध्ये पाठच केलं होतं.

त्यांनी मधे एकदाच विचारलं. “पंधरा मिनिटांचं असतं तर?”

“पावणेबारापर्यंत पोचलो असतो. फार तर बारा.”

“बारा,” त्या म्हणाल्या.

मला वाटत होतं, त्या मला हाकलतील. मला ते चाललं असतं. त्यासाठीच मी आले होते, असं आता वाटतं.

“सुरेंद्र मागच्या श्रावणात गेला,” त्या म्हणाल्या. “हार्ट. त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलला नाही. सहा वर्षं. मी राखी पाठवायची, पोचली की नाही तेही कळायचं नाही. मला बातमीसुद्धा त्याच्या शेजाऱ्याने दिली.”

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

“अल्का आहे,” त्या म्हणाल्या. “तिला सांगशील? मुलं मोठी झाली आता. मला आत्या म्हणून ओळखत नाहीत.”

“सांगते ना, ताई. आत्ता सांगते.”

“माझ्या फोनवरून ती उचलत नाही. तुझ्यावरून लाव.”

त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. मी लावला आणि त्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. तिसऱ्या रिंगला अल्काने उचलला. मी माझं नाव सांगितलं, कुठली ते सांगितलं. तिला आठवत होतं. मग मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हळू, एकेक गोष्ट सोपी करून. ती पूर्ण ऐकत होती. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“वर्ध्याला. कुमुदताईंकडेच.”

“हं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मला वाटलंच. हे गेल्यापासून त्या कोणाकोणाकडून निरोप पाठवतात. मागे एका मास्तरांना बोलायला लावलं होतं. तुम्हाला त्यांनी काय सांगून बसवलं, मला माहीत नाही मॅडम, पण त्या दिवशी तुम्ही आमच्या हॉलमध्ये काय बोललात ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.”

“ते खोटं होतं. म्हणूनच मी आता—”

“त्यांना सांगा, तब्येत सांभाळा,” अल्का म्हणाली.

फोन बंद झाला. मी पुन्हा लावायला गेले तर कुमुदताईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

“नको,” त्या म्हणाल्या. “तिच्याकडे जेवणाची वेळ असते ही.”

मग त्यांनी मला विचारलं, परतीची एसटी किती वाजता आहे, आणि कुठल्या फलाटावर लागते ते मला माहीत आहे का.